अपवादाचा आठवडा

चिखलदऱ्याच्या 'मोहवन' हॉटेलात मी चार वर्षं लोकांना नळ बंद करायला शिकवलं, आणि चार वर्षं नळ वाहतच राहिले.

माझा हुद्दा ऐकायला झोकदार होता. पर्यावरण प्रशिक्षण अधिकारी, विशाखा वानखडे. काम मात्र साधं. दर सोमवारी सकाळी हाउसकीपिंग, किचन, लाँड्री आणि बागेतली मिळून एकसष्ट माणसं बँक्वेट हॉलमध्ये बसवायची, पडद्यावर आटलेल्या तलावाचे फोटो दाखवायचे आणि हात पुढे करून शपथ घ्यायला लावायची. शपथ सगळे खणखणीत आवाजात घ्यायचे. मग सहा एसी, दोन झुंबरं आणि प्रोजेक्टर तसाच चालू ठेवून चहाला निघून जायचे. ते सगळं बंद करायचं काम माझं, आणि खरं सांगायचं तर मीही कधीकधी विसरायचे.

कुणाला पाण्याची किंमत कळत नव्हती असं अजिबात नाही. उन्हाळ्यात ज्यांच्या घरची बायामाणसं टँकरमागे हंडे घेऊन धावतात, त्यांना मी काय डोंबल शिकवणार! माझ्या मोठ्या जावेनं तर मला हे तोंडावर ऐकवलं होतं.

"तू सांगतं ते सारं पटते वं, विशाखे. पण एक वाजेलोक चवदा रूम कराच्या असते. डोकं पुढच्या रूममंधी जाऊन बसते. मांगं हात काय करते, कोण पाह्यते?"

जावेचं नाव पंचफुला. घरात मी त्यांना मोठीबाई म्हणते, हॉटेलातही तोंडात तेच येतं. त्या दुसऱ्या मजल्यावर रूम अटेंडंट, बावीस वर्षांच्या नोकरीच्या. मला इथे चिकटवलं त्यांनीच, आणि चादरीचा कोपरा गादीखाली कसा दुमडायचा तेही शिकवलं त्यांनीच. माझी बारावी झालेली, कॉम्प्युटर येत होता, म्हणून मी पुढे सरकले आणि त्यांची साहेबीण झाले. सणावाराला घरी त्यांच्या पाया पडायचं आणि कामावर त्यांच्याच हजेरीवर शेरा मारायचा, असं आमचं चालायचं. त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणात दीड महिना त्यांनीच माझं सगळं केलं होतं.

२०३९ सालच्या मार्चमध्ये हॉटेलात पट्ट्या आल्या.

मनगटावर एक पट्टी आणि कानामागे चिकटवायची शेंगदाण्याएवढी टिकली. एकसष्ट जणांबरोबर मीही ती लावली. पुण्याहून आलेल्या लोकांनी मला तीन दिवस बसवून सगळं शिकवलं, ते मी माझ्या भाषेत सांगते. आपल्या मेंदूत काम करायचे दोन रस्ते असतात. एक विचाराचा. तो सावकाश चालतो आणि दमवतो. दुसरा सवयीचा. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींच्या गाठींमधून जातो. चप्पल घालताना, सायकल चालवताना आपण तोच वापरतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. एखादी गोष्ट पहिल्या रस्त्यावरून दुसऱ्यावर जायला दोन-तीन महिने लागतात, आणि नळ बंद करण्यासारखी गोष्ट तर कधीच जात नाही. कारण नळ आज बंद करायचा आणि पाणी वाचलेलं दिसणार मे महिन्यात. एवढ्या लांबचा हिशेब त्या खालच्या गाठींना कळत नाही.

पट्टी हे अंतर मिटवते. हातानं नळ बंद केला की सेकंदाच्या दहाव्या हिश्शात कानामागची टिकली तिथल्या मज्जातंतूला अगदी बारीक विजेचा स्पर्श करते. मेंदूच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की हे महत्त्वाचं आहे, जपून ठेव. हात विसरला तर पट्टी कोपराखालच्या स्नायूला हलकासा झटका देते आणि बोटं आपणहून नळाकडे जातात. नळ, दिवे, एसी, फ्रीजचं दार, आणि खोलीतून निघताना दाराजवळच्या खाचेतलं कार्ड. ते कार्ड काढलं की खोलीची सगळी वीज बंद होते, हे हॉटेलात राहिलेल्या कुणालाही माहीत असेल. दिवसाला दीडदोनशे वेळा, तीन आठवडे. त्यानंतर झटका बंद होतो, सवय राहते आणि पट्टी नुसती नोंद ठेवायला हातावर असते.

नोंद मोठी गमतीची. माणूस ठरवून हात हलवतो तेव्हा अर्धा सेकंद आधी मेंदूत एक मंद लाट चढते. सवयीनं हलवतो तेव्हा ती चढत नाही. टिकलीला हा फरक कळायचा आणि माझ्या कॉम्प्युटरवर ठरवलेल्या हालचालीचा ठिपका नारिंगी यायचा, सवयीचा हिरवा. पहिल्या दिवशी सगळा पडदा नारिंगी होता. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एकसष्ट माणसांचे पडदे हिरवेगार झाले आणि मी सगळ्यांना पेढे वाटले. नोंद सात दिवस राहते, मग आपोआप पुसली जाते.

प्रशिक्षण मात्र तीन आठवड्यांचं नव्हतं, चारचं होतं.

चौथा आठवडा अपवादाचा. एका रिकाम्या खोलीत पलंगावर पुतळा झोपवायचा, शेजारी एखादं यंत्र चालू ठेवायचं आणि एकेकाला आत पाठवायचं. निघताना हात कार्डाकडे गेला की पट्टी उलटा झटका देऊन त्याला अडवते, आणि माणसानं मान वळवून खोलीकडे बघायचं. माणूस आहे का, यंत्र चालू आहे का. असं चाळीस वेळा केलं की हात थांबायला शिकतो, मान वळायला शिकते. पुण्याच्या बाई मला दोनदा बजावून गेल्या होत्या की हा आठवडा गाळू नका.

मी गाळला. पर्यावरण जपणाऱ्या हॉटेलांना मिळणाऱ्या हिरव्या मानांकनाची तपासणी दहा दिवस अलीकडे आली. आमचे मॅनेजर अढाऊ साहेब म्हणाले, "वानखडे मॅडम, पाण्याचे आकडे तर उत्तम आलेत. तो अपवादबिपवाद सीझननंतर करू. सह्या आहेत ना?"

सह्या होत्या. आमच्याकडे प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सगळ्या आठवड्यांच्या सह्या घेऊन ठेवतात. कुणाची रात्रपाळी, कुणाची सुट्टी, कुणाला ऐन वेळी पेन सापडत नाही, म्हणून ही पद्धत पडलेली. मी लागले तेव्हापासून हेच बघत आले होते आणि त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नव्हतं. चौथ्या आठवड्याच्या कागदावर एकसष्ट सह्या होत्या, आणि खाली 'प्रशिक्षण पूर्ण' म्हणून माझी.

मानांकन मिळालं. पाण्याचा वापर निम्म्यावर आला. एरवी एप्रिलमध्ये रोज सहा टँकर लागायचे, ते तीनवर आले, आणि गावात लोक मला थांबवून विचारायला लागले की आमच्या पोरांनाही असली पट्टी मिळेल का. मला फार बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी सांगितलेलं कुणीतरी ऐकलं होतं.

घरीही मजा चालली होती. मोठे भाऊजी जेवायला बसलेले असताना मोठीबाई भाजी वाढून उठल्या आणि जाताजाता पंखा बंद करून गेल्या. भाऊजी घामाघूम होऊन ओरडले, तेव्हा त्यांनाच नवल वाटलं. आम्ही पोट धरून हसलो. मग एके दिवशी त्या नातीला न्हाऊ घालत होत्या. पोरीच्या डोळ्यांत साबण गेलेला, ती रडत होती, आणि बाईंचा हात सारखा नळ बंद करत होता. उघडायच्या, बंद व्हायचा. त्या दिवशी ओल्या हातांनीच त्या माझ्या दारात आल्या.

"विशाखे, हात माह्यं ऐकत नाही वं."

"चांगलं शिकला म्हणून, मोठीबाई," मी हसून म्हटलं. "एक आठवडा राह्यला हाये, सीझन संपला की तो करून टाकू."

त्या पदराला हात पुसत परत गेल्या.

चौदा मे, सकाळचे अकरा. दोनशे बारा नंबरमध्ये अकोल्याचे उमक गुरुजी उतरले होते. ऐंशीच्या पुढचे. फुप्फुसं अधू, सोबत हवेतून प्राणवायू वेगळा करून नळीनं नाकात सोडणारं यंत्र. पूर्वी ते शाळेच्या सहली घेऊन इथे यायचे, म्हणून एकदा पुन्हा दरी बघायची त्यांची इच्छा होती. मुलगी वर्षाताई नाश्त्याला खाली उतरताना मोठीबाईंना सांगून गेली, "मावशी, बाबांचा डोळा लागलाय. आवाज न करता टॉवेल तेवढे बदला."

मोठीबाईंनी टॉवेल बदलले, कचरा काढला. गुरुजींच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं, कारण पाय उघडा होता. मग बाहेर येऊन हलकेच दार ओढून घेतलं.

मी त्या वेळी त्याच मजल्यावर टोकाच्या खोलीत नव्या मुलींना कचऱ्याचे डबे समजावत होते. दहा-बारा मिनिटं झाली असतील. मोठीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. एप्रनच्या खिशातून त्यांनी हात बाहेर काढला होता आणि तळहाताकडे बघत होत्या.

"माह्यापाशी दोन कार्ड कसे वं?"

एक त्यांचं, सगळ्या खोल्या उघडणारं. दुसऱ्यावर नंबर होता, दोनशे बारा.

मला कळायला एक क्षण लागला, आणि मग आम्ही दोघी धावलो. त्या बावन्नच्या आहेत, गुडघे दुखतात, पण माझ्या पुढे होत्या. दाराशी पोचलो तेव्हा आतून बारीक टीं टीं ऐकू येत होतं. यंत्राची बॅटरी जुनी झालेली, चार मिनिटंसुद्धा टिकली नव्हती. आमच्या खोल्यांची दारं जाड, आवाज बाहेर जात नाही. त्याची जाहिरात आम्ही अभिमानानं करतो.

गुरुजींचे ओठ जांभळे झाले होते. डोळे अर्धवट उघडे. मी कार्ड खाचेत सारलं, यंत्र घरघरून सुरू झालं. मोठीबाईंनी त्यांना पाठीशी धरून बसतं केलं आणि "गुरुजी, ओ गुरुजी, श्वास घ्या ना बाप्पा," असं त्या सारख्या म्हणत राहिल्या. खालून वर्षाताई आली तेव्हा तिच्या हातात गुरुजींसाठी बांधून घेतलेली इडली होती. अँब्युलन्सनं घाट उतरून परतवाडा, तिथून अमरावती. वाटेत त्यांचं हृदय एकदा थांबलं होतं, असं नंतर कळलं.

गुरुजी वाचले. चौथ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. मला धीर आला, म्हणून मी वर्षाताईला फोन केला.

"बाबांनी मला विचारलं, बाई तुम्ही कुठल्या?" ती म्हणाली. "मी म्हटलं, अकोल्याची. तर म्हणाले, अकोल्यात आमची वर्षा असते, ओळखता का?"

मी फोन ठेवला आणि लाँड्रीच्या मागे जाऊन रडले.

त्याच दुपारी अढाऊ साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर तो चौथ्या आठवड्याचा कागद होता. पंचफुला वानखडे, स्वच्छ सही. आठ दिवस घोटून घोटून शिकलेली, मीच शिकवलेली.

"परवा कामगार खात्याच्या मॅडम चौकशीला येतायत," साहेब म्हणाले. "आपली बाजू स्वच्छ आहे. कर्मचाऱ्याला पूर्ण प्रशिक्षण दिलं होतं, अपवादाचंही. तिनं सही केलेली आहे. तरी तिनं हलगर्जीपणा केला. नोकरीवरून काढावं लागेल, पोलिसांत गुन्हाही होईल. आपला नाइलाज आहे."

"साहेब, अपवादाचं झालंच नाही ना."

"कागद म्हणतो झालं." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "आणि खाली सही कुणाची आहे? नीट विचार करा. घरात दोघी कमावत्या आहात. दोघींचं जाण्यापेक्षा एकीचं गेलेलं बरं."

"आणि पट्टीची नोंद? तिच्यात दिसेल ना, की हात आपोआप गेला."

"सात दिवसांत पुसली जाते ना ती? मग जाऊ द्या."

मी माझ्या जागेवर येऊन ती नोंद उघडली. चौदा मे, अकरा वाजून सहा मिनिटं, दोनशे बारा, कार्ड. हिरवा ठिपका. लाटेचा मागमूस नाही. त्याच्या अर्धा मिनिट आधी एक नारिंगी ठिपका होता, ठरवून केलेल्या हालचालीचा. तो पांघरूण सारखं केल्याचा. मी नोंद वेगळी जपून ठेवली, साहेबांना न सांगता. पण नुसत्या नोंदीनं काय होणार होतं? हात सवयीनं गेला हे त्यातून दिसलं असतं. सवय आवरायला शिकवलंच नव्हतं, हे फक्त मीच सांगू शकत होते.

संध्याकाळी मोठीबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. तीन दिवस त्या जेवल्या नव्हत्या, असं भाऊजी म्हणाले. मी सगळं सांगितलं. सह्यांचं, साहेबांचं, माझ्या मनात काय आहे तेही.

"गप राय," त्या म्हणाल्या. "हात तं माहाच होता. त्या म्हाताऱ्याचं तोंड माह्या डोयापुढून जात नाही."

"तुमचा काही दोष नाही, मोठीबाई. मले तुमी सांगतलं होतं, हात ऐकत नाही म्हणून. मी हसलो."

"माही तं जाऊनच राह्यली. तुही कायले घालवतं? तुह्या पोराची फी कोन भरन? दोघी घरी बसून काय भजन करू?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि माझा हात धरला. "माही आन हाये तुले. काही बोलू नको."

मी रात्रभर तळमळले. खरं सांगायचं तर त्यांच्या शपथेनं मला थोडं बरंही वाटलं होतं. गप्प राहायला मला कारण मिळालं होतं, आणि त्याची मला लाज वाटत होती.

चौकशी हॉटेलातच होती, तळमजल्यावर एकशे आठ नंबरमध्ये. खात्याच्या तेलमोरे मॅडम पन्नाशीच्या, चष्मा नाकावर घसरलेला, बोलायला तुटक. टेबलावर त्यांचं जबाब घ्यायचं सरकारी यंत्र होतं. आपण बोलायचं, ते लिहून घेतं. शेवटी अंगठा टेकवला की जबाब थेट खात्यात पोचतो. त्यांनी वायर भिंतीत खोचली आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "बॅटरी मागून दोन वर्षं झाली."

बाहेरच्या बाकावर मोठीबाई पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. त्यांचा जबाब आधीच झाला होता. पाच मिनिटांत आटोपला. मी आत जाताना त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नको.

"सांगा," मॅडम म्हणाल्या. "पंचफुला वानखडे यांना अपवादाचं प्रशिक्षण दिलं होतं का?"

मी खरंच ठरवून आत गेले नव्हते. होय म्हणायला तोंडही उघडलं. तेवढ्यात का कोण जाणे, मला 'अकोल्यात आमची वर्षा असते' हे आठवलं. मग मी बोलत सुटले. कसंतरी, रडत, मागचं पुढे, पुढचं मागे. पेढे, पुतळा, पहिल्या दिवशीच्या सह्या, साबण गेलेली पोर, सगळं. यंत्र टकाटका लिहीत होतं. मी थांबले तेव्हा बारा वाजत आले होते.

"यंत्र मजकूर जुळवतंय, दहा मिनिटं लागतील," त्या चष्मा पुसत म्हणाल्या. "बाहेर जाऊन पाणी पिऊन या. मग वाचून दाखवते. पटलं की अंगठा."

मी उठले. डोकं बधिर झालं होतं. दार उघडलं, बाहेर पाऊल टाकलं. मागे पंखा थांबल्याचा आवाज आला.

"अहो!" मॅडम आतून ओरडल्या. "वीज कुणी घालवली?"

माझ्या हातात कार्ड होतं.

मी ते कधी काढलं, देवाशपथ मला माहीत नाही. बोटांना त्याची कड टोचत होती, एवढंच कळलं. खोलीत यंत्राचा पडदा काळा झाला होता आणि मॅडम अर्ध्या उभ्या राहून माझ्या हाताकडे बघत होत्या. अढाऊ साहेब कॉरिडॉरमध्येच घुटमळत होते. क्षणात त्यांच्या सगळं लक्षात आलं. ते माझ्या जवळ आले आणि हळूच म्हणाले, "गेलं ना सगळं? बरंच झालं, मॅडम. भावनेच्या भरात माणूस काहीही बोलतो. आता शांत डोक्यानं सांगा. कागदात आहे तेवढंच."

बाकावरून मोठीबाई उठल्या होत्या. त्यांनाही कळलं होतं. त्यांनी हात जोडले, माझ्यापुढे. माझ्या मोठ्या जावेनं माझ्यापुढे हात जोडले.

पहिल्यांदा सांगितलं ते सोपं होतं. ते तोंडातून निघून गेलं होतं, मला ठरवावं लागलं नव्हतं. आता ठरवायचं होतं. मला माझ्या मुलाची शाळा दिसली, माझं टेबल दिसलं, त्यावरची पितळी नावाची पाटी दिसली. पोलीस ठाणंही दिसलं. दारात मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक.

मग मी वळले. कार्ड खाचेत घालायला गेले तर बोटं ते सोडेनात. डाव्या हातानं एकेक बोट सोडवावं लागलं. कार्ड आत गेलं, पंखा फिरू लागला, यंत्र पिवळा दिवा दाखवून पुन्हा जागं झालं. पडदा कोरा होता.

"हे तुम्ही मुद्दाम केलंत?" मॅडमनी कडक आवाजात विचारलं.

"कार्ड काढलं ते मी नाही. घातलं ते मी," मी म्हणाले. मनगटाची पट्टी त्यांच्यापुढे धरली आणि माझी नोंद फोनवर उघडून दाखवली. अकरा अठ्ठावन्न, एकशे आठ, कार्ड काढलं. हिरवा ठिपका. बारा वाजून एक मिनिट, कार्ड घातलं. नारिंगी. मग चौदा मेची, मोठीबाईंची जपून ठेवलेली नोंद दाखवली. मॅडमनी चष्मा वर सरकवला. चारही ठिपके त्यांनी पुन्हा पुन्हा बघितले आणि दोन्ही ठिकाणच्या हिरव्यावर बोट ठेवलं.

"हा आवरता येतो?"

"शिकवलं तर. एक आठवडा लागतो. मी शिकवला नाही. स्वतःही शिकले नाही."

"बसा," त्या म्हणाल्या.

"मॅडम, तुम्ही तर ऐकलंय सगळं," अढाऊ साहेब दारातून म्हणाले, "कशाला पुन्हा..."

"मी ऐकलेलं चालत नाही, यंत्रानं ऐकावं लागतं. दार लावून घ्या, बाहेरून."

या वेळी मी रडले नाही. पहिल्या सोमवारपासून सुरुवात केली. सह्या कधी घेतल्या, कागद कुणी पुढे केला, मोठीबाई ओल्या हातांनी माझ्या दारात कोणत्या तारखेला आल्या आणि त्यांना मी काय उत्तर दिलं, सगळं क्रमानं सांगितलं. उरलेल्या साठ जणांचे हातही असेच आहेत, त्यांना आज, आत्ता खोल्यांमधून बाहेर काढा, हेही सांगितलं. मॅडमनी तिथूनच फोन केला. मग जबाब वाचून दाखवला. मी अंगठा टेकवला, आणि यंत्रानं तो घेतला.

निघताना दाराशी पोचले तर उजवा हात सुटलाच. डाव्या हातानं मनगट घट्ट धरलं आणि मान वळवून आत बघितलं. मॅडम खुर्चीत होत्या, पंखा चालू होता, यंत्राचा दिवा जळत होता. कार्ड तसंच ठेवून मी बाहेर आले आणि बाकावर मोठीबाईंच्या शेजारी जाऊन बसले.

त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. मग त्यांनी माझा हात मांडीवर ओढून घेतला आणि मनगटावरच्या पट्टीची कडी नखानं उचकटू लागल्या.

"सांगतलंच का?"

"दोनदा," मी म्हटलं.